पाषाणातील अरण्ये : बिरबल साहनी

वनस्पतीचे मरण बहुधा निःशेष असते. जनावर मेले तरी त्याचे हाड उरते, शिंपल्यातला जीव गेला तरी शिंपला मागे राहतो. झाडाच्या नशिबी तेवढेही नसते. पान गळते, कुजते आणि मातीस मिळते. खोडाला वाळवी लागते, नाहीतर त्याची वाट चुलीकडे जाते. असे असूनही भूमीच्या पोटात कोट्यवधी वर्षांपूर्वीची पाने, फळे, बिया आणि परागकण सापडतात, क्वचित अख्खी खोडेही सापडतात, हे नवलच म्हटले पाहिजे. एखादे पान तळ्याच्या गाळात पडते, त्याच्यावर लगोलग दुसरा गाळ साचतो, हवेचा संबंध तुटतो आणि कुजण्याची क्रिया थांबते. पुढे गाळाचा दगड होतो आणि पानाचा काळा ठसा त्या दगडाच्या पापुद्र्यात राहून जातो. कधी याहूनही विलक्षण प्रकार घडतो. सिलिका विरघळलेले पाणी लाकडात मुरते आणि एकेका पेशीची पोकळी गारेच्या जातीच्या दगडाने भरून निघते. लाकडाचा दगड होतो, पण त्याची आतली घडण मोडत नाही. असा दगड करवतीने कापून, कारबोरंडमच्या भुकटीवर घाशीत घाशीत प्रकाश आरपार जाईल इतका पातळ केला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली त्या मृत वृक्षाच्या पेशी मोजता येतात.

अशा अवशेषांना जीवाश्म म्हणतात, आणि वनस्पतींच्या जीवाश्मांचा अभ्यास म्हणजे पुरावनस्पतिविज्ञान. या शास्त्राची मुख्य अडचण अशी की, झाड कधीही सगळेच्या सगळे हाती लागत नाही. पान एका खाणीत मिळते, खोड दुसऱ्या टेकडीवर, आणि बी तिसऱ्याच कोणाला शंभर वर्षांनी सापडते. तीनही एकाच झाडाची आहेत हे ठाऊक नसल्यामुळे तिघांना तीन निरनिराळी शास्त्रीय नावे पडतात. पोथीची पाने वाऱ्याने उडून गावोगाव जावीत, आणि प्रत्येक गावच्या शास्त्रीबोवांनी आपल्या हाती आलेल्या पानाला स्वतंत्र ग्रंथ समजावे, तसा हा प्रकार आहे. ती पाने ओळखून एकत्र बांधणे हे या शास्त्रातले खरे कौशल्य. भारतात ते ज्याने रुजवले आणि त्यासाठी आपले धन व अखेर प्राणही वेचले, तो पुरुष म्हणजे बिरबल साहनी.

साहनींचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. पंडित जवाहरलाल नेहरूंची जन्मतिथीही १४ नोव्हेंबरच. ते साहनींहून दोन वर्षांनी मोठे. साहनींचे वडील रुचीराम लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांना केवळ प्राध्यापक म्हणणे मात्र अपुरे होईल. विज्ञान सामान्य माणसापर्यंत त्याच्या भाषेत पोचले पाहिजे, या ध्यासाने ते गावोगाव व्याख्याने देत हिंडत, प्रयोग करून दाखवीत, आणि ऐकायला बाजारातले दुकानदारही येऊन बसत. उतारवयात त्यांनी मँचेस्टरला जाऊन रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत संशोधन केले. अशा घरात वाढलेल्या मुलाला दगडधोंडे गोळा करण्याचा नाद लागला, तर त्यात आश्चर्य नाही.

लाहोरची पदवी १९११ साली घेऊन बिरबल केंब्रिजला इमॅन्युएल कॉलेजात दाखल झाले. मुलाने आय. सी. एस. व्हावे अशी वडिलांची इच्छा होती, असे सांगतात; त्या काळच्या कोणत्या सुशिक्षित बापाची ती नव्हती? परंतु केंब्रिजला ए. सी. सीवर्ड हे वनस्पतिशास्त्राचे थोर प्राध्यापक भेटले आणि मुलाचा मार्ग ठरून गेला. सीवर्ड हे पुरावनस्पतिविज्ञानातले त्या काळचे अग्रगण्य पंडित. साहनी तेथे शिकत असतानाच सीवर्डांच्या हाती एक विलक्षण गाठोडे आले होते. दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सहकारी १९१२ साली बर्फात मरण पावले, तेव्हा अंगातले त्राण संपत आलेले असूनही त्यांनी सुमारे ३५ पौंड वजनाचे दगड टाकून दिले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे निघाले. त्यांचे वर्णन सीवर्ड यांनी १९१४ साली प्रसिद्ध केले.

ग्लॉसोप्टेरिस हे नाव श्रोत्यांना अपरिचित वाटेल, पण तिचा संबंध मात्र आपल्या रोजच्या जगण्याशी आहे. झरिया आणि राणीगंजपासून नागपूरजवळच्या कामठीपर्यंतच्या दगडी कोळशाच्या प्रदेशात जिभेच्या आकाराची जी पाने दगडांत दिसतात, ती या वनस्पतीची. भारतातला बहुतेक दगडी कोळसा पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या याच वनांतून झाला आहे. तेच पान दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण अमेरिकेत सापडते, आणि आता दक्षिण ध्रुवाजवळही सापडले. मधे एवढे महासागर असताना एकच वनस्पती या सगळ्या भूमींवर कशी वाढली असेल? एके काळी या भूमी एकमेकींना जोडलेल्या होत्या, हे आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्या वेळी मात्र खंडे सरकतात हे वेगेनर यांचे म्हणणे मोठमोठे भूशास्त्रज्ञ हसण्यावारी नेत. साहनींनी १९३६ साली या सिद्धान्ताची वनस्पतींच्या पुराव्याने तपासणी केली. भारतातील ग्लॉसोप्टेरिसची वने आणि चीनकडील जायगँटोप्टेरिसची वने आज नकाशावर इतकी जवळ दिसतात, तरी त्यांच्यात मूळचे साम्य नाही. ती पूर्वी दूरदूर असून मागाहून जवळ आली, असेच मानणे त्यांना भाग वाटले.

केंब्रिजला असतानाच लोसन यांच्या वनस्पतिशास्त्राच्या क्रमिक पुस्तकाची भारतीय विद्यार्थ्यांसाठी आवृत्ती तयार करण्यात साहनींचा हात होता. इंग्लंडातल्या रानफुलांची उदाहरणे पाठ करण्याऐवजी आपल्या कुंपणावरच्या वेलीकडे पाहून शिकण्याची सोय त्यामुळे झाली. पुढे सीवर्डांसह त्यांनी भारतातील गोंडवन वनस्पतींच्या जीवाश्मांचा नव्याने परामर्श घेणारा प्रबंध १९२० साली प्रसिद्ध केला. त्याआधी हे काम भूविज्ञान सर्वेक्षण खात्यातील फाइस्टमांटेल या विद्वानाने केले होते. त्याचे परिश्रम मोठे. परंतु तो बहुतांशी बाह्य आकारावरून नावे देण्याचा काळ होता. पानाच्या उपत्वचेवरची रंध्रे किंवा लाकडातल्या पेशींची रचना पाहून नाते ठरविण्याची पद्धत नंतर आली, आणि साहनी तिच्यात तरबेज होते.

लंडनची डी. एस्‌सी. मिळवून ते १९१९ साली परतले. बनारस हिंदू विश्वविद्यालयात एक वर्ष आणि लाहोरला एक वर्ष असे अध्यापन करून १९२१ साली ते नव्याने निघालेल्या लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. मधल्या काळात, १९२० साली, सावित्री सुरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लखनौ त्यांनी पुढे सोडले नाही. खादीचा वेष, मृदू बोलणे आणि सूक्ष्मदर्शकाशी तासन्‌तास जडलेली दृष्टी, ही त्यांची मूर्ती विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांच्या डोळ्यांपुढे राहिली. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना १९३६ साली मिळाले. १९४३ साली विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग निघाला, तेव्हा त्याची धुराही त्यांच्याकडेच आली. वनस्पतिशास्त्रज्ञाला दगड कळत नाही आणि भूशास्त्रज्ञाला पान कळत नाही, ही तक्रार त्यांच्यापुरती तरी कोणाला करता येत नव्हती.

त्यांच्या संशोधनाची एक कर्मभूमी म्हणजे गंगेच्या वळणाशी उभे असलेले राजमहाल डोंगर. त्या काळी ते बिहारात होते. आज झारखंडात आहेत. तेथे लाव्ह्याच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात वनस्पतींचे विपुल अवशेष मिळतात. साहनींच्या काळी हे थर जुरासिक युगातले मानीत. आता ते त्यानंतरच्या क्रिटेशस युगाच्या आरंभीच्या भागातले, सुमारे बारा कोटी वर्षांपूर्वीचे, ठरले आहेत. येथले टिलोफायलम नावाचे पिसासारखे पान, बक्लंडिया नावाचे खोड आणि विल्यम्सोनिया नावाचे फूल ही तीन नावे अभ्यासकांना पूर्वीपासून परिचित होती. एका जीवाश्मात ही अंगे परस्परांशी निगडित असल्याचे साहनींना दिसले. १९३२ साली त्यांनी तो संपूर्ण वृक्ष कागदावर उभा केला : जाड, बुटका, खवल्यांनी भरलेला बुंधा, वर पिसांसारख्या पानांचा झुबका, आणि बगलेतल्या आखूड फांद्यांवर फुले. आजच्या बागेतल्या सायकॅडच्या झाडासारखे त्याचे रूप आहे. त्याचा वंश मात्र केव्हाच निखळला. गुरूंच्या सन्मानार्थ त्यांनी त्याचे नाव विल्यम्सोनिया सीवर्डियाना असे ठेवले.

त्याच वर्षी राजमहालातल्याच एका शिलाभूत लाकडाला त्यांनी होमोझायलॉन असे नाव दिले. त्या लाकडात वाहिन्या नव्हत्या, आणि चाफ्याच्या जातीतील काही आदिम झाडांच्या लाकडाशी ते इतके जुळत होते की, फुलझाडांचा पूर्वज सापडला की काय अशी आशा वाटू लागली. ती फलद्रूप झाली नाही. पुढच्या संशोधकांनी हे लाकूड विल्यम्सोनियाच्या कुळातलेच ठरविले आणि त्याला साह्निऑक्झायलॉन हे नवे नाव दिले. निष्कर्ष बाद होऊन संशोधकाचे नाव तेवढे टिकावे, असा योग शास्त्राच्या इतिहासात क्वचितच येतो.

राजमहालातली सर्वांत मोठी उकल झाली ती निपानिया या खेड्याजवळच्या दगडांतून. तेथे शिलाभूत खोडांचे तुकडे मिळत. आडवा छेद घेतला की एकाच खोडात लाकडाचे पाच वेगळे गट दिसत आणि प्रत्येक गटाभोवती स्वतःचे लाकूड वाढलेले असे. पाच दोऱ्या एकत्र वळून दोर करावा तशी ही घडण होती. तिच्यावरून या खोडाला पेंटोझायलॉन, म्हणजे पंचकाष्ठ, हे नाव पडले. त्याच दगडांत पट्ट्यासारखी पाने होती आणि तुतीच्या फळासारखी दिसणारी बीजांची कणसेही होती. आतल्या पेशींची घडण ताडून पाहता तिघे एकाच कुळातले निघाले. १९४८ साली साहनींनी पेंटोझायली हा वनस्पतींचा एक नवा गटच जाहीर केला. पान एका कुळाची आठवण देते, लाकूड दुसऱ्या कुळाची, बी तिसऱ्याची. आणि या गटाला कोणाच्या शेजारी बसवावे हा वाद आजतागायत मिटलेला नाही. ऑस्ट्रेलियात व न्यूझीलंडमध्ये नंतर त्याचे भाईबंद सापडले, तेव्हा जुन्या एकत्र भूमीची खूण तेवढी आणखी पटली.

मराठी श्रोत्यांना अधिक जवळचा विषय आहे तो दख्खनच्या काळ्या कातळाचा. अजिंठा आणि वेरूळची लेणी ज्यात कोरली, रायगड आणि सिंहगड ज्याच्या कड्यांवर उभे आहेत, तो दगड म्हणजे एके काळचा लाव्हारस. तो एका दमात आला नाही. एक लोंढा येऊन थंड होई, मग पुष्कळ काळ शांतता असे. त्या काळात दगडावर माती धरे, खोलगट जागी तळी साचत, झाडे उगवत, बेडूक आणि मासे नांदत. मग जमिनीच्या भेगांतून पुन्हा लाव्हा वर येई आणि हे सारे झाकून टाकी. दोन लोंढ्यांच्या मधल्या या गाळाच्या पट्ट्यांना भूशास्त्रज्ञ अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, १८५० नंतरच्या दशकात, टाकळी आणि सीताबर्डी येथील अशा थरांतून फळे, बिया व शिंपले गोळा करून विलायतेला धाडले होते. त्यांचा लौकिक झाला, परंतु वनस्पतींच्या आतल्या रचनेचा अभ्यास राहूनच गेला होता.

साहनी आणि त्यांचे सहकारी या थरांकडे वळले ते १९३० च्या सुमारास. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगावकलाँ आणि सौंसर ही गावे नागपूरपासून दूर नाहीत, आणि तेथे मराठी पुष्कळांच्या घरी बोलली जाते. तेथल्या शेतांत चर्ट नावाचा गारगोटीसारखा दगड पडलेला असतो. वरवर पाहता त्यात काही नाही. तो कापला की आत तळ्याचा तळ जसाच्या तसा दिसतो : पाण्यावर तरंगणारा अझोला, चारा जातीचे शेवाळ, ताडाच्या वर्गातील झाडांची खोडे, नाना तऱ्हेची फळे. हल्ली भातखाचरात खत म्हणून सोडतात तोच हा अझोला. त्याच्या या प्राचीन जातीचे वर्णन साहनींनी एच. एस. राव यांच्यासह १९३४ साली केले. मोहगावच्या एका फळाचे कोडे त्यांना तेव्हा सुटेना, म्हणून त्यांनी त्याचे नावच एनिग्मोकार्पॉन, म्हणजे कोड्याचे फळ, असे ठेवले आणि त्याला आपले मित्र, ओरिसाचे वनस्पतिशास्त्रज्ञ परिजा यांचे नाव जोडले. दहा वर्षांनी नागपूरच्या व्ही. बी. शुक्ल यांनी त्याच गावच्या दगडातून एक शिलाभूत फूल शोधले, त्याला साह्निअँथस हे नाव दिले, आणि ते या फळाचेच फूल आहे हे दाखविले. आपल्या परिचयाची मेंदी आणि धायटी ज्या कुळातली, त्या कुळाशी या वनस्पतीचे नाते लावतात. सहा कोटी वर्षांहून अधिक काळ ताटातूट झालेली फूल आणि फळ एका गावच्या धोंड्यांत पुन्हा भेटावीत, याहून मोठा योग या शास्त्रात कोणता असू शकेल?

पण साहनींचे लक्ष नुसत्या नावांवर नव्हते. त्यांना काळ ठरवावयाचा होता. हा लाव्हा केव्हा वाहिला? दख्खनच्या थरांखाली डायनोसॉर नावाच्या महाकाय सरड्यांची हाडे सापडतात, म्हणून जुने भूशास्त्रज्ञ लाव्ह्याचा आरंभ क्रिटेशस युगात धरीत. साहनी म्हणत की, थरांतल्या वनस्पतींना विचारा. आजही सुंदरबनाच्या खाड्यांत वाढणाऱ्या निपा ताडासारखे फळ मोहगावला मिळाले होते. अझोला होता, ताडांची विपुलता होती. युरोपात अशी वनस्पतिसृष्टी इओसीन काळात, म्हणजे तृतीय युगाच्या आरंभी, ठळकपणे दिसते. १९३७ साली के. पी. रोडे यांच्यासह लिहिलेल्या मोहगावच्या लेखात, आणि मग १९४० साली मद्रास येथे भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसच्या अध्यक्षीय भाषणात, त्यांनी हा पक्ष हिरिरीने मांडला. भाषणाचा विषयच दख्खनचा ट्रॅप ही तृतीय युगातली घटना असा होता. मधल्या थरांतील माशांच्या अभ्यासकांचाही कल त्याच बाजूला होता.

या वादाचा निकाल कोणाच्याही पूर्णपणे बाजूने लागला नाही. किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून दगडाचे वय मोजण्याची साधने पुढे हाती आली. मोहगावच्याच थरांतले परागकण नव्याने तपासले गेले, आणि नागपूरच्या परिसरातील अंतरा-ट्रॅपी थरांत डायनोसॉरच्या अंड्यांची टरफले मिळाली. त्यावरून आता असे दिसते की, यांतले पुष्कळ थर क्रिटेशस युगाच्या अगदी अखेरचे आहेत, आणि लाव्ह्याचा मुख्य भर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे एक युग संपून दुसरे लागण्याच्या नेमक्या सांध्यावर होता. लाव्हा त्या सांध्याच्या अलीकडेही वाहत राहिला. साहनींनी लाव्ह्याला तृतीय युगाच्या दारात आणून सोडले ते चुकीचे नव्हते. दाराच्या पलीकडचा भाग मात्र त्यांनी फारच तोकडा धरला. ताड आणि अझोला यांचे भारतातले आयुष्य युरोपातल्यापेक्षा लांब असू शकेल, ही शक्यता त्यांनी पुरेशी जमेस धरली नाही, असे आज म्हणता येते.

दुसऱ्या एका वादात मात्र काळाने त्यांना साफ प्रतिकूल कौल दिला. उपवासाला जे शेंदेलोण वापरतात, त्याची जुनी खाण म्हणजे पंजाबातील खेवडा. या मिठाच्या डोंगरात कँब्रियन युगाचे, म्हणजे पन्नास कोटी वर्षांपूर्वीचे, दगड मिठाच्या वर आहेत. तेव्हा सरळ हिशेबाने मीठ त्याहून जुने. पण डोंगर घडताना जुने थर घसरून नव्या थरांवर चढून बसतात, हेही भूशास्त्रात घडते. साहनींनी मीठ आणि त्याच्या जोडीचे दगड विरघळवून गाळ तपासला, तर त्यात लाकडाचे तंतू, पानांची उपत्वचा, किड्यांचे तुकडे निघाले. कँब्रियन काळी जमिनीवर झाडे नव्हती आणि किडेही नव्हते. तेव्हा मीठ इओसीन काळचे, हा निष्कर्ष त्यांनी काढला आणि १९४४ व १९४५ साली या प्रश्नावर भरलेल्या परिसंवादांत तो जोराने मांडला. तर्क बिनतोड होता; साक्षीदार मात्र बाहेरून आत शिरलेले होते. मिठाचा दगड वरवर निश्छिद्र दिसला तरी पाणी त्यात वाट काढते आणि पाण्याबरोबर अलीकडचा कचराही जातो. पुढच्या भूशास्त्रीय पुराव्यांनी ते मीठ कँब्रियनच्या आरंभीचे किंवा त्याहूनही जुने ठरविले. बाह्य मिसळ टाळण्यासाठी साहनींनी दक्षता घेतली नव्हती असे नाही. सूक्ष्म पुराव्यांवर युगांचा निवाडा करणे किती जोखमीचे असते, हे ज्या प्रकरणांनी जगाला शिकविले त्यांत खेवड्याचे हे प्रकरण मोडते.

त्यांची जिज्ञासा एका चाकोरीत बसणारी नव्हती. काश्मीरच्या करेवा थरांतील शिंगाड्यांचे आणि इतर वनस्पतींचे जीवाश्म आजच्या सरोवरांपेक्षा पुष्कळ उंचावर, पीर पंजालच्या उतारावर आढळतात. यावरून हिमालयाची उंची मानव अवतरल्यानंतरही वाढत राहिली, असा विचार त्यांनी १९३६ साली मांडला. त्याच वर्षी रोहतकजवळच्या खोकराकोट टेकाडावर हिंडत असताना त्यांना मातीच्या भाजलेल्या चकत्यांचे तुकडे दिसले. एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते पायाने बाजूस सारले असते. साहनींनी ते उचलले, निरखले आणि ओळखले की, हे यौधेय गणराज्याच्या नाण्यांचे साचे आहेत. खोडाचा छेद वाचणाऱ्या नजरेने त्यांनी साच्यांची रचना उलगडली. चकत्या एकावर एक रचून, मधून ओघळ ठेवून, वितळलेली धातू ओतली की एका दमात कित्येक नाणी निघत. १९४५ साली प्राचीन भारतातील नाणी ओतण्याच्या तंत्रावर त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि नाणकशास्त्राच्या अभ्यासकांनी त्यांना पदक देऊन गौरविले.

इतके सगळे असूनही त्यांच्या मनाला एक रुखरुख होती. भारतात जीवाश्म अपार, पण ते वाचणारी माणसे थोडी आणि त्यांना बसावयास स्वतंत्र जागा नाही. विद्यापीठाच्या विभागात हे काम अध्यापनाच्या फटीतून करावे लागे. १९४६ साली त्यांनी पुरावनस्पतिविज्ञानाची संस्था उभारण्याचा संकल्प सोडला आणि त्यासाठी पतिपत्नींनी आपली शिल्लक, स्थावर, ग्रंथसंग्रह आणि जीवाश्मांचा संग्रह देऊन टाकला. त्यांना मूलबाळ नव्हते. ही संस्थाच त्यांचे अपत्य, असे पुढे लोक म्हणू लागले. संस्थेचा संसार आरंभी वनस्पतिशास्त्र विभागातच थाटला होता. १९४८ साली संयुक्त प्रांताच्या सरकारने लखनौला जागा व बंगला दिला.

इमारतीची कोनशिला साहनींनी स्वतः घडविली. निरनिराळ्या देशांतले व निरनिराळ्या युगांतले जीवाश्म त्यांनी तिच्यात जडविले होते. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ती बसविण्यात आली. आठवडा पुरता लोटला नव्हता, तोच ९ एप्रिलच्या मध्यरात्रीच्या सुमारास हृदयविकाराने साहनी गेले. वय ५७. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमला भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत त्यांना सन्मान्य अध्यक्षपद मिळावयाचे होते. त्यांची समाधी संस्थेच्याच आवारात आहे.

संस्था त्या रात्रीच संपावयाची, असे कोणास वाटले असते तर ते अस्थानी नव्हते. इमारत नव्हती, पैसा तुटपुंजा होता, आणि ज्याच्या नावावर जग ओळखत होते तो माणूस गेला होता. सावित्रीबाईंनी ती मरू दिली नाही. त्या काही शास्त्रज्ञ नव्हत्या. परंतु पतीबरोबर डोंगर-दऱ्या हिंडून कोणता दगड उचलावा हे त्यांना कळू लागले होते. संस्थेचे अध्यक्षपद स्वीकारून त्यांनी सरकारदरबारी खेटे घातले, देशोदेशींच्या विद्वानांशी संधान बांधले, नॉर्वेचे होएग यांच्यासारख्या शास्त्रज्ञाला युनेस्कोच्या साहाय्याने काही काळ संचालक म्हणून आणविले. २ जानेवारी १९५३ रोजी नव्या इमारतीचे उद्घाटन झाले, तेही नेहरूंच्याच हस्ते. संस्थेचे नियतकालिक त्याआधी, १९५२ साली, सुरू झाले होते. त्याचा पहिला खंड साहनींच्या स्मृतीस वाहिलेला आहे. सावित्रीबाई १९८५ पर्यंत होत्या. आता संस्थेने आपल्या कक्षेत हिमनद्या, प्राचीन हवामान आणि माणसाचा पूर्वेतिहासही घेतला आहे आणि बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था असे तिचे नाव आहे.

पेंटोझायलॉनची गोष्ट मात्र साहनींच्या हातून पुरी झालेली नव्हती. १९४८ साली त्यांच्यापाशी खोड होते, पान होते, बीजांचे कणीस होते. पराग देणारे पुंपुष्प नव्हते. ते निपानियाच्याच दगडांतून त्यांच्या परंपरेतील विष्णु मित्र यांना मिळाले आणि १९५३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याचे नाव साह्निया निपानिएन्सिस.